नातीच्या विमानाची संथा

माझी नात विमान चालवायला शिकते, हे मी गल्लीत आपण होऊन कोणाला सांगत नसे. तोंडी परीक्षेत नापास होऊन ती काशीला, आमच्या दूधविनायक गल्लीतल्या घरी आली, तेव्हा तर मुळीच सांगितलं नाही. एकटीनं विमान वर न्यायच्या आधी ही परीक्षा द्यावी लागते. तिला आणखी एक संधी मिळाली होती. तीही हुकली तर सामान बांधून परत.

येताना ती विमानाचं पुस्तक घेऊन आली होती. जाडजूड, सगळं इंग्रजी. मी चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून तिनं एका पानावर छापील ओळींच्या वर पेन्सिलीनं देवनागरीत लिहून दिलं. मी ते धरून बसायचं आणि तिचं पाठांतर तपासायचं. हवेत इंजिन बंद पडलं तर काय करायचं, त्याचं ते पान. दुसरं कुठलंही दिलं असतं तर बरं झालं असतं.

पाठांतर तिच्या बापानं करून घेतलं होतं. माझा मुलगा वेदपाठशाळेत शिकवतो. आमच्याकडे शिकायचं म्हणजे संथा घ्यायची. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा, असं करत ते तोंडात पक्कं बसवायचं. त्यानं फोनवरून लेकीलाही तसंच शिकवलं. एअरस्पीड, फ्युएल, मिक्श्चर. शब्द इंग्रजी, सूर आमच्या घरचा. एक अक्षर इकडचं तिकडे होत नव्हतं. मग पोरगी नापास कशी झाली, ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी कळलं. ती म्हणत होती आणि मध्येच दूधवाल्यानं हाक मारली. मी पातेलं घेऊन गेले, परत आले आणि म्हटलं, "हं, पुढं."

तिनं पहिल्यापासून सुरू केलं.

"पहिलं झालं की. मिक्श्चरपर्यंत आली होतीस."

"हां, पण मला वरूनच यावं लागतं."

"परीक्षेतही असंच झालं?"

"सरांनी मधूनच विचारलं, मिक्श्चरच्या नंतर काय. मी मनात वरून म्हणत आले. तोपर्यंत ते म्हणतात, मॅडम, आपका जहाज तो नीचे आ गया." ती हसली. मी हसले नाही.

पाठशाळेतली मुलंही अशीच असतात. कोणी मध्ये बोललं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आमच्या घरात म्हणणाऱ्याला कोणी टोकत नाही. तिथं ते चालतं. देवाला घाई नसते.

मी विचारलं, "इंजिन बंद पडल्यावर खाली यायला किती वेळ लागतो?"

"किती उंच आहे त्यावर."

"फार उंच नसलीस तर?"

तिनं पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि दुसरंच पान चाळायला लागली.

आमच्या गल्लीतून मणिकर्णिकेकडे प्रेतं जातात. मी भाजी निवडत असले तर मान वर करत नाही, इतकी सवय आहे. पण त्या दिवसांत वरून विमानाचा आवाज आला की माझा हात थांबायचा, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत हलायचा नाही.

मग मी तिला टोकायला लागले. ती म्हणत असली की मध्येच सांगायचे, गॅस बारीक कर, चपला आत घे. आणि ती परत यायच्या आत विचारायचे, "फ्युएलनंतर काय?"

"आजी, टोको मत ना."

"टोकणार. तुझं इंजिन काय तुला विचारून बंद पडणार आहे?"

मुलानं हे ऐकलं. "आई, तिची संथा मोडतेयस तू."

"मोडू दे."

"किती मेहनतीनं करून घेतलंय मी ते."

"चांगलंच करून घेतलंयस. पण तुझा शिष्य अडला तर फार तर ओरडा खातो. ही जमिनीवर आपटेल."

तो न जेवता उठला. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही.

पुस्तकात विमानातल्या बटणांचं आणि दांड्यांचं एक मोठं घडीचं चित्र होतं. ते भिंतीवर लावून हातानं सराव करा, असं तिच्या शिक्षकांनी सांगितलं होतं. तोंडपाठ येतंय म्हणून हिनं घडी उघडलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलानं स्वतः खळ शिजवली आणि ते चित्र देवघराच्या भिंतीवर चिकटवलं.

ती चित्रासमोर पाटावर बसायची. मी कुठूनही विचारायचे, तिनं त्या जागी हात न्यायचा. सुरुवातीला हात हवेत लोंबकळायचा आणि ओठ हलायचे. ओठ हलले की मी लाटणं आपटायचे. पुढं मुलगाही विचारायला लागला. जन्मात त्यानं कोणाला मध्ये तोडलं नव्हतं, त्यामुळं आधी खाकरायचा.

"बाबा, खाकरू नका. मला आधीच कळतं."

ती विमानाच्या शाळेत परत गेली. परीक्षेच्या दिवशी दुपारी फोन आला.

"आजी, पास. मधूनच विचारलं त्यांनी."

मुलगा चप्पल अडकवून पेढे आणायला निघाला. मी विचारलं, "आता पुढं काय?"

"आता सोमवारी एकटी जायचं."

"शेजारी कोणीच नाही?"

"एकटी म्हणजे एकटीच ना, आजी."

इतके दिवस मी तिनं पास व्हावं म्हणून जिवाचा आटापिटा केला होता. पास झाल्यावर ती खरंच वर जाणार, हे त्या गडबडीत बाजूला पडलं होतं.

"उडायच्या आधी मला फोन कर. मी मधूनच विचारीन."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"आणि चुकले तर?"

"तर चढू नकोस."

ती करते फोन. चित्र मी अजून काढू दिलेलं नाही, त्यातल्या जागा आता मलाही ठाऊक झाल्या आहेत. फोनला उशीर झाला की मी पाट घेऊन त्याच्यासमोर बसते. मग गॅसवरचं करपलं तरी उठत नाही.