थाळी पडली आणि ती वळली

लातूरच्या ट्यूशन एरियात एका फ्लेक्सवर माझा फोटो अजून आहे. मी हाताची घडी घालून उभा आहे, मागे निळ्या रंगाचा मेंदू चमकतो आहे, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, ‘मेंदूत शिरणारे सर’. वरच्या रांगेत मेडिकलला लागलेल्या पोरांचे फेटे बांधलेले चेहरे आहेत. उन्हानं मेंदूचा निळा रंग उडाला आणि त्याबरोबर माझं अर्धं नाकही गेलं. तो फ्लेक्स उतरवा म्हणून क्लासच्या मालकांना मी दोनदा सांगितलं. त्यांना तो माझा विनय वाटला.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. लातूरात खोली करून राहतो. बायको नांदेडजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, म्हणून ती आणि मुलगी नांदेडला. पंधरा दिवसांनी एकदा, शनिवारचे तास संपवून, अहमदपूर-लोहा करत एसटीनं तिकडं जायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचं. मुलीच्या जन्मापासून हे असंच चालू आहे.

फ्लेक्सवरचा मान मला एका तासामुळे मिळाला. चेतापेशींचा धडा दरवर्षी हिवाळ्यात येतो. त्या दिवशी मी दहा पोरं फळ्यासमोर गोल उभी करायचो. प्रत्येकाच्या हातात चार-पाच सुतळ्या आणि प्रत्येक सुतळीचं दुसरं टोक समोरच्या कुणाच्या तरी हातात. तुम्ही पेशी, असं त्यांना सांगायचं. खऱ्या पेशी अशा जोडलेल्या नसतात, दोघींमध्ये बारीक फट असते आणि तिच्यातून रसायनाचे कण निरोप घेऊन पलीकडे जातात. पण फट हातात धरता येत नाही म्हणून सुतळी. तान्ह्या बाळाच्या मेंदूत अशा जोडण्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. बाळ बघतं, ऐकतं, तसतसे काही जोडण्यांतून निरोप पुन्हा पुन्हा जातात आणि त्या पक्क्या होतात. ज्यांतून काहीच जात नाही, त्या मेंदू स्वतःच काढून टाकतो. मग मी पोरांना सुतळ्या हलवायला लावायचो, आणि ज्या हलल्या नाहीत त्या शिंप्याच्या मोठ्या कात्रीनं कापत गोलभर फिरायचो. वर्ग टाळ्या वाजवायचा. शेवटी मी म्हणायचो, हे परीक्षेला येत नाही. त्यावर हशा. दरवर्षी त्याच जागी.

कात्रीचा हा प्रयोग मी पहिल्यांदा केला, तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. त्याच आठवड्यात नांदेडला गेलो, तर बायकोनं चहाचा कप हातात दिला आणि ती समोरच उभी राहिली.

“अहो, मी मागून हाक मारली की ती वळत नाही,” ती म्हणाली. “समोर गेले की हसते. मला भीती वाटायलीय.”

मी टाळ्यांच्या धुंदीत होतो. आपण शास्त्रीय पद्धतीनं बघू, असं मी म्हणालो. हे शब्द मी खरंच वापरले. मुलगी खाली शहाबादी फरशीवर, आमच्याकडं पाठ करून, डब्यांची झाकणं मांडत बसली होती. मी स्वयंपाकघरातून स्टीलची थाळी आणली, पाय न वाजवता तिच्या मागं दोन हातांवर जाऊन उभा राहिलो आणि थाळी सोडली. ती झटकन वळली. थाळीकडं बघून हसलीसुद्धा. मीही हसलो. बायको म्हणाली, पुन्हा एकदा करून बघा. त्याची गरज नाही, असं मी तिला सांगितलं. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे वाक्य मी वर्गात वर्षातून निदान वीस वेळा म्हणतो.

उरलेली शंका माझ्या आत्यानं मिटवली. आत्या उमरीला असते. तिच्या म्हणण्याप्रमाणं आमच्या घराण्यात बोलणं उशिराच येतं आणि त्याचा जिवंत पुरावा मी. “तू तर साडेतीन वर्षं मुकाच हुतास की रे,” ती म्हणाली. “आन् आता बघ, बोलायचा पगार घेतोस.” यावर सगळे इतके हसले की विषयच संपला. मी साडेतीन वर्षांचा झाल्यावर बोललो ही गोष्ट घरात कौतुकानं सांगितली जाते. माझे कान शाबूत होते, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही. सांगायची गरज मलाही वाटली नाही.

मूल लवकर बोलावं म्हणून आमच्याकडं त्याला पोपटाचा उष्टा पेरू देतात. आत्याच्या अंगणात पेरूचं झाड आहे आणि त्यावर पोपट येतात. ती पोपटांनी टोकरलेले पेरू पाहून पाहून तोडायची आणि गाडीनं नांदेडला येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीत घालून द्यायची. असे दोन हिवाळे गेले. मुलीला पेरू फार आवडायचे. मी आत्याची थट्टा करायचो, एवढे पेरू पोपटांनीच खाल्ले असते तर ते इंग्रजी बोलले असते, वगैरे. आज वाटतं, आत्याच्या पेरूंनी पोरीचं काही वाईट केलं नाही. ते काम थाळीनं केलं. बायकोनं त्या दोन वर्षांत तीन-चार वेळा विषय काढला आणि प्रत्येक वेळी मी थाळीची आठवण दिली. थाळीवर तिचा विश्वास नव्हता. माझ्यावर होता.

मुलगी चार वर्षांची झाली तरी शब्द आला नाही. तेव्हा बायकोनं मला न विचारता शाळेतून रजा घेतली आणि तिला कानाच्या तपासणीला नेलं. तिथून त्यांना हैदराबादला पाठवलं, आणि तिथं मीही गेलो. मुलीला औषध देऊन झोपवलं. कपाळाला आणि कानांमागं तारा चिकटवल्या. कानात टकटक आवाज सोडत होते आणि मेंदूकडं जाणाऱ्या वाटेवर त्याची दखल घेतली जाते का, ते पडद्यावर बघत होते. दखल घेतली गेली की रेघेवर लाटा उठतात. हे चित्र मी फळ्यावर कित्येकदा काढलं आहे, लाटांसकट. आमच्या पडद्यावरची रेघ आडवी पडून राहिली. आवाज वाढवत नेला तरी.

तपासणी करणारी मुलगी वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी होती. आधी कधी तपासलं नव्हतं का, असं तिनं विचारलं. बायको काही बोलली नाही. ती मला वाचवत होती, हे मला तिथंच कळलं.

“घरी तपासलं होतं,” मी म्हणालो आणि थाळीचं सांगितलं.

“फरशीवर बसली होती का?”

“हो.”

“फरशी थरथरते, सर. तिला ते अंगाला कळलं असणार.” मग तिनं अर्ज पुढं ओढला. “तुम्ही काय करता?”

“जीवशास्त्र शिकवतो.”

तिनं ते लगेच लिहिलं नाही. पेन तसंच धरून ती म्हणाली, “मग तुम्हाला मी काय सांगू?”

तरी तिनं सांगितलं. ऑपरेशन करून कानात मशीन बसवता येईल, त्याचा बाहेरचा भाग कानावर लावायचा. त्यानं आवाज आत पोचेल. पण मेंदूतली आवाज ओळखायला शिकणारी जागा इतकी वर्षं कुणाची वाट बघत मोकळी राहत नाही. एव्हाना त्या जागेचा बराच भाग बघण्याच्या कामाला लागला असेल. दीड वर्षाची असताना आणली असती तर, असं ती म्हणाली आणि पुढचं बोलली नाही. पुढचं मला तोंडपाठ होतं.

ऑपरेशन झालं. मशीन पहिल्यांदा सुरू करायचं त्या दिवशी दोन्हीकडचे नातेवाईक गोळा झाले. पेढे आले. आठ-दहा मोबाईल वर धरलेले, कारण अशा वेळी लेकरू आईचा आवाज ऐकून हसतं हे सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेलं होतं. यंत्र सुरू झालं. मुलगी किंचाळली आणि तिनं ते कानावरून ओढून काढलं. मोबाईल एकेक करून खाली गेले. पेढे मात्र वाटले गेले.

त्यानंतर तीन वर्षं बायको रोज शाळा सुटल्यावर तिला ऐकायच्या-बोलायच्या शिकवणीला घेऊन गेली. कुकरची शिट्टी आता तिला कळते, दारावरची थाप कळते. ‘आई’सारखा एक आवाज ती काढते. माणसांचं बोलणं तिच्या लेखी अजून नुसता गोंगाट आहे, कारखान्याशेजारी राहावं तसा. मागच्या वर्षी तिनं यंत्र काढून स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि बायकोनं ते पुन्हा लाव म्हटलं नाही. मुलगी आता नऊ वर्षांची आहे, मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत जाते आणि हातांनी भराभर बोलते. बायकोही बोलते. दोघी जेवताना घास खाली ठेवून भांडतात.

लातूरात मी सुतळीचा तास बंद केला होता. जाहिरातीत छापलंय म्हणून मालकांनी तो पुन्हा घ्यायला लावला. या हिवाळ्यात कात्री फिरवून झाल्यावर पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं खालची दोन टोकं उचलली आणि विचारलं, “सर, हे परत बांधलं तर?” मी म्हणालो, परीक्षेला येत नाही. वर्ग हसला. मी कात्री खिशात ठेवली आणि पुढचा प्रश्न घेतला.

गेल्या रविवारी बायको बाजारात गेली होती आणि घरी आम्ही दोघंच. मुलगी माझ्यासमोर येऊन बसली आणि हातांनी काहीतरी विचारू लागली. पंधरा दिवसांतून एक रविवार एवढ्यावर मला तिच्या वीसेक खुणा येतात. पाणी, जेवण, झोप, गाडी. यात त्यातली एकही नव्हती. मी वही पुढं केली. अक्षरं तिला येतात, पण तिची वाक्यं हातांतच राहतात, कागदावर उतरत नाहीत. तिनं लिहिलं, ‘बाबा उद्या’. उद्या जाणार का, उद्या राहणार का, की उद्या तिच्या शाळेत काही आहे? मी कळल्यासारखी मान हलवली. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि मला काही कळलेलं नाही हे तिला कळलं. मग तिनं तेच पुन्हा विचारलं, सावकाश, हात मोठे मोठे करून, बहिऱ्याशी लोक ओरडून बोलतात तसं. मग तिसऱ्यांदा. मी बायकोला फोन लावला, पण तो स्वयंपाकघराच्या ओट्यावरच वाजला.

तेव्हा तिनं एक हात हवेत बाजूला उडवला. जाऊ दे. ही खूण मला येते, बायको माझ्याशी बोलताना ती बऱ्याचदा करते.

ती उठली आणि खिडकीशी, माझ्याकडं पाठ करून, खाली फरशीवर बसली. मी नुसता पाय आपटला असता तरी ती वळली असती. वळल्यावर तिला काय सांगायचं, ते मला येत नव्हतं.