धावपट्टीशेजारची तोफ

वडिलांचा लढाईतला एकच फोटो आमच्या कोरेगावच्या घरी होता. पोस्टकार्डाएवढा, कडा पिवळ्या पडलेला. गोलाकार रचलेली पोती, वर जाळी, जाळीतून तिरका बाहेर आलेला एक खांब आणि पाच जवान. त्यांतले उघड्या डोक्याने उभे आहेत ते वडील. एकाहत्तरच्या लढाईत ते पंजाबात एका विमानतळावर होते आणि "काळजीचं काय न्हाई, आमी मागं हाय" असं त्यांनी तिथून आईला पत्रात कळवलं होतं. नंतर सुट्टीवर आल्यावर त्यांनी आईला फोटो दाखवून सांगितलं होतं, "ही धान्याची पोती हायत आन त्यो तंबूचा खांब. आमी पार मागं असतोय. लढाई लांब म्होरं." आईनं ते मानलं आणि पुढे आम्हा भावंडांनाही तेच सांगितलं.

वडील गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीत आई माझ्याकडे सांगलीला आली होती, तेव्हा मी तो फोटो स्टुडिओत देऊन मोठा करून आणला. मोठा झाल्यावर खांबाच्या टोकाला नरसाळ्यासारखं तोंड दिसायला लागलं. आईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "ह्यो कसला गं तंबू?"

माझ्या यजमानांचे मामा तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आष्ट्याला राहतात. त्यांना फोन केला तर म्हणाले, "फोटो घिऊन या. वैनींस्नीबी आणा." रविवारी आम्ही तिघं गाडीनं गेलो.

मामांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरून नीट न्याहाळला. मग आईकडे वळले. "वैनी, ही तोफेची नळी हाय. विमानं पाडायची तोफ. आन पोत्यांत धान्य न्हाई, माती हाय."

"मग ह्यो मागचा पांढरा पट्टा?" आईनं विचारलं.

"धावपट्टी. शत्रूचं विमान हिच्यावरच बॉम्ब टाकायला येतंय. तवा बाकीची मानसं खंदकात शिरत्यात. तोफेवरच्यांस्नी हलता येत न्हाई, रातरातभर जागं ऱ्हावं लागतंय." त्यांनी जवानांच्या पायाशी बोट ठेवलं. "ह्या चमकत्यात त्या उडालेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या. म्हंजे फोटो काढायच्या आधी तोफ चाललीया."

कोपऱ्यात एक काळा डाग होता. तो बॉम्बचा खड्डा का, असं मी विचारलं.

"असंल. न्हाईतर कागदावरचा डागबी असंल. उगंच कशाला सांगू?"

मग ते वडिलांवर आले. वडिलांनी दोन्ही हातांनी छातीशी काहीतरी धरलं होतं. आम्ही तो डबा समजत होतो. "चार गोळ्यांचा जुडगा हाय त्यो. वरनं तोफेत सोडायचा. तोफ फिरवणारे दोघं बसून असत्यात, ह्यांना मात्र उभंच ऱ्हावं लागतंय. नळीला अगदी लागून." मग त्यांनी विचारलं, "वैनी, त्यास्नी ऐकायला कमी येत हुतं का?"

आईचे हात मांडीवर होते तसेच राहिले. "एका कानानं," ती म्हणाली. "विहिरीत पोहताना पानी गेलं म्हनायचे."

मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. आई आतून हाका मारायची, वडील ओसरीवर ढिम्म बसलेले असायचे आणि आईचा पारा चढायचा. "ऐकून न ऐकल्यावानी करत्यात" हे वाक्य आम्ही रोज ऐकायचो.

"मी लय बोलले त्यास्नी," आई म्हणाली.

"त्यांनी सांगितलंच न्हाई, तर तुमाला कळणार कसं?" मामा म्हणाले. "मीबी त्याच लढाईत दुसऱ्या विमानतळावर हुतो. नवीन लगीन झालेलं. हिला कळवलं, भटारखान्यात हाय म्हनून."

मामी तेवढ्यात चहा घेऊन आल्या. "ह्यास्नी आजबी चा करता येत न्हाई. मला काय ते खरं वाटलं हुतं व्हय?"

मामांसकट आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. तिनं मामींना विचारलं, "मग तुमी कवा बोलला न्हाईसा?"

"बोलून काय करायचं? त्यांना वाटत हुतं मी निवांत हाय. म्हनलं, वाटू दे."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "मला मातूर खरंच वाटलं हुतं," ती हळूच म्हणाली.

परतताना ती माझ्याशेजारी मागच्या सीटवर बसली होती. लढाईच्या दिवसांत शेजारणीचा नवरा सीमेवर होता. आई तिला धीर द्यायला जायची आणि घरी येऊन निवांत झोपायची, हे ती सांगू लागली. सांगता सांगता तिनं माझा हात धरला. 

"आता ह्या वयात सगळी भीती एकदम आली बघ."

"आई, ते परत आले की गं."

"आले," ती म्हणाली.

वाटेत तिनं रसवंतीपाशी गाडी थांबवायला लावली. रस अर्धा पिऊन झाल्यावर आपणहून बोलायला लागली. लढाईनंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा वडील दिवसाउजेडीच झोपायचे. जेवायला उठायचे, पुन्हा झोपायचे. आजी कुरकुरायची, पण त्यांची झोप मोडू नये म्हणून आईनं अंगणातल्या कोंबड्यासुद्धा पलीकडे हाकलल्या होत्या.

"तवा वाटलं, परवासानं दमलेत," ती म्हणाली आणि उरलेला रस संपवला.