यमुनाकाकूंनी न पाहिलेलं लग्न

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. रफिकला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सगळ्यांत आधी त्यालाच कळायला हवं होतं. तुम्ही ना माझ्या गावचे, ना नात्यातले, म्हणून तुमच्यापाशी जीभ रेटतेय. दमलोय मी हे सांभाळून.

वडनेर भोलजीत आमचा फोटो स्टुडिओ होता, माझा आणि रफिकचा. मी गिऱ्हाइकाशी बोलायचो, लग्नाच्या तारखा घ्यायचो. शूटिंग, आणि मग ते कापणं, जोडणं, गाणी टाकणं — सगळं तो करायचा. बीटी कपाशीची सुरुवातीची वर्षं बरी गेली, तेव्हा लोक लग्नात दोन-दोन कॅमेरे मागायचे. पुढे बोंडअळी त्या बियाण्यालाही जुमानेना, पाऊस दगा द्यायला लागला, आणि मांडव लहान झाले. नवा कॉम्प्युटर घ्यायची आमची बात तिथंच राहिली.

जुना होता तो फार रडवायचा. एक गाणं जोडलं की स्क्रीन थिजून बसायची. म्हणून रफिकनं त्याचं ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केलं — म्हणजे कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगाहून थोडं जास्त पळवायचं. मी शेजारी बसून पाहत होतो. त्यानं कार्ड काढून ब्रशनं धूळ झाडली. चिपवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून तिची खपली झाली होती, ती पुसून नवी लावली. मग वेग अगदी किंचित वाढवायचा, टेस्ट लावायची, तापमान बघत बसायचं. ठीक वाटलं तरच आणखी किंचित. स्क्रीनवर रंगीत ठिपके दिसायला लागले तसा तो मागे आला आणि तिथंच थांबला. व्होल्टेजला तर हातच लावला नाही.

"पॉवर सप्लाय जुना हाये भाऊ, त्याले झेपनार नाई," तो म्हणाला. "म्हाताऱ्या बैलाले त्याच्या चालीनं चालू द्यावं. पराणी टोचू नये."

तो अख्खा सीझन मशीन गुमान चालली. आणि बाजारात लोक म्हणायला लागले — स्टुडिओ म्हणजे रफिक. माझ्या तोंडावर म्हणायचे.

यमुनाकाकू शेजारच्या खेड्यातल्या. ज्या साली कपाशी गेली, त्याच साली त्यांचा नवरा गेला. कसा गेला, हे आमच्याकडे विचारत नाहीत. दिरानं पुढे होऊन त्यांच्या मुलीचं, वैशालीचं लग्न लावलं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी काकू मागच्या खोलीत जाऊन बसल्या. विधवेची सावली नको म्हणून. जा, असं त्यांना कोणी म्हटलं नाही. थांबा, असंही कोणी म्हटलं नाही. मीही तिथं होतो. मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं.

लग्नानंतर त्या स्टुडिओत आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "घाई नाई मले. पन सीडी झाली की मले सांगजा. म्या पोरीले बाशिंगात पाह्यलंच नाई."

घाई नाही, म्हणाल्या होत्या त्या. मग मी इतकी वर्षं स्वतःला काय सांगत आलो? की काम लवकर द्यायचं होतं, म्हणून झालं. खोटं आहे ते.

मे महिना होता, शुक्रवार. रफिक नमाजला गेला होता, तिथून तो आईला घेऊन नांदुऱ्याला डॉक्टरकडे जाणार होता. वैशालीच्या लग्नाचं काम मशीनवर अर्धवट होतं. मी त्याच्या खुर्चीत बसलो. त्याला जमतं ते मला का नाही जमणार? — एवढंच होतं डोक्यात. दुसरं काही नाही. मी वेग वाढवला. मशीन चालली. आणखी वाढवला. ठिपके आले. व्होल्टेज चढवलं की ठिपके जातात, असं मी कुठंतरी वाचलं होतं. चढवलं. आणि खरंच गेले हो ठिपके! काय आनंद झाला मला, कसं सांगू? रफिक आला की त्याला सहज, बोलता बोलता सांगायचं, असंही मी ठरवून टाकलं.

मग फट् असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. पॉवर सप्लाय गेला, आणि जाताना लग्नाचं शूटिंग साठवलेली हार्डडिस्कही घेऊन गेला. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड आमच्याकडे एकच. पुढच्या लग्नासाठी ते आम्ही रिकामं करून बसलो होतो.

रफिक आला. वास घेतला, मशीनपाशी खाली बसला. मग मान वर न करता म्हणाला, "तू काई छेडलं त नाई ना भाऊ?"

मी म्हणालो, "नाही."

एकदाच विचारलं त्यानं. पुन्हा कधी नाही. मी नाही म्हटलं ना — त्याच्यासाठी तेवढं पुरे होतं. "मंग माह्यानंच झालं," तो म्हणाला. "वाढवाले नोतं पाह्यजे."

काकूंच्या घरी जायचं त्यानंच ठरवलं. मी म्हणत होतो, फोन करू. त्यानं ऐकलं नाही. त्यांच्या ओट्यावर उभं राहून त्यानं सांगितलं, "काकू, पोरीच्या लग्नाचं काईच नाई उरलं. माह्या हातून गेलं." मी त्याच्या शेजारी उभा होतो.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर नीट केला, ओट्यावर बसल्या, त्यालाही बसवलं. "तू होता ना बापा कॅमेरा घेऊन? तुह्या डोयानं त पाह्यलं ना? सांग मंग."

आणि रफिक सांगायला लागला. शालू कोणत्या रंगाचा, बाशिंग एका बाजूला कसं कलत होतं, ते मामी कशी सारखं सरळ करत होती, हार घालताना वैशालीला हसू कसं आवरत नव्हतं. काकू मध्येच विचारायच्या — "रडली काय?" तो म्हणाला, "हाव. दाराकडं पाहून रडली. तुमच्याच खोलीच्या." तेव्हा काकूंनी डोळे मिटले. तो सांगत राहिला. मी चपलेनं माती उकरत होतो.

त्यानंतर रफिकनं कॉम्प्युटरला हात लावला नाही. मी गळ घातली — हो, घातली, त्याच्याशिवाय माझं चालणार कसं होतं? "नाई भाऊ, माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला," म्हणाला, आणि खामगावला जिनिंगमध्ये कामाला लागला. कापसाच्या गाठी चढवायच्या, उतरवायच्या. मी दुसरा माणूस ठेवला.

मागच्या वर्षी तो सहज दुकानात आला. केसांवर, भुवयांवर कापसाचा भुरा. मी नवी मशीन घेतली होती, तिची काचेची बाजू, आतलं मोठं कार्ड तो वाकून बघत राहिला. मी म्हटलं, बस ना, चालवून बघ. त्यानं दोन्ही हात मागे घेतले, पाठीशी धरले. "नको. हे बी जयून जाईन."

दुकानात आम्ही दोघंच होतो. ते तुझ्या हातून झालं नव्हतं रफिक — एवढंच वाक्य. तोंडाशी आलं होतं.

मी विचारलं, "चहा घेतोस?"

तो हो म्हणाला. चहा पिऊन झाल्यावर कप त्यानं स्वतःच विसळून ठेवला आणि बसस्टँडकडे गेला.