मेणबत्तीवर चिकटवलेलं काचघर

प्लास्टिक जळाल्याचा वास आला की परभणीतली ती संध्याकाळ आठवते. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसट्यांवर दगडफेक चालू होती आणि जिंतूरला गेलेला दादा परतला नव्हता. त्याच्या लहानग्या मुलीला रमवायला मी खोक्यात माती भरली, मेथी पेरली आणि खराट्याच्या काड्यांवर रोपांसाठी खेळातलं काचघर उभारू लागले. पारदर्शक पिशवीच्या कडा मेणबत्तीवर चिकटवत होते, तोच वहिनी धावत आली. "काय जळायलंय? बस पेटवली का?" पोरगी म्हणाली, "मम्मी, आमी काचघर करायलोत. पन आत्या काच लावंना, फुटती म्हनती." वहिनीनं फुंकर मारून मेणबत्ती विझवली. मग कडी वाजली, पण भीतीनं कोणीच उठेना. "अगं, मीच हाय, उघडा!" दार उघडलं, तर दादाच्या सदऱ्यावर, केसांत बसच्या काचेचा चुरा होता. मुलगी झेपावली, तसा तो ओरडला, "शिवू नको मला!" हेच शब्द आमच्या ओट्यावरून दलितांना सुनावलेले मी लहानपणापासून ऐकले होते. मायेनं म्हटलेले त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. आजही हातात तापलेली कढई असताना एखादं पोर जवळ आलं तरी ते माझ्या तोंडून निघत नाहीत.