मॅडमचा मे महिना

ज्या बाईंची नोकरी मला मिळाली, त्या आज पहाटे गेल्या.

भालेकर मॅडम. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमच्या आधीच्या कोच. नगरमध्ये, सावेडीतल्या घरी, झोपेतच.

हे मी लिहावं की नाही, यावर दुपारभर घुटमळले. माझ्यापेक्षा जास्त हक्क असलेल्या कितीतरी जणी आहेत. पण त्यांच्यासोबतचा एक दिवस तरी सांगायलाच हवा.

मॅडम कॉन्ट्रॅक्टवर होत्या. दर वर्षी नेमणुकीची नवी ऑर्डर निघायची. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत ती निघाली नाही.

कॉलेजला डिग्रीवाला कोच हवा होता. डिग्री माझ्याकडे होती.

टीम मॅचमध्ये मोडत नाही, सुट्टीत मोडते. शेवटच्या वर्षाच्या मुली पास होऊन जातात. एखादीला पुण्याचं कॉलेज हॉस्टेल देऊन नेतं. उरलेल्या लग्न होऊन जातात.

आमच्या निम्म्या मुली पाथर्डीकडच्या, आईवडील ऊसतोडीला. हंगाम संपून साखर कारखाने बंद झाले की घरं पुन्हा माणसांनी भरतात. आणि सगळे घरात असतात, तेव्हाच सोयरिकी जुळतात.

मी जॉइन झाले आणि मॅडमचाच फोन आला. घाबरतच उचलला.

"ट्रायल कधी घेणार आहेस?"

"जूनमध्ये. ॲडमिशन झाल्यावर नोटीस लावते."

"जूनमध्ये तुला कोण भेटणार? पोरी तोवर सासरी. उद्या तिसगावला चल माझ्याबरोबर."

तिसगावला अश्विनीचं घर. टीमचा खेळ चालवणारी पॉइंट गार्ड. मॅडमना काढलं म्हणून तिने खेळ सोडला होता, आणि ती नाही म्हणून बाकीच्याही अडून बसल्या होत्या.

खेळ सुटला की तिचं कॉलेज सुटणार होतं. आणि कॉलेज सुटायची वाट बघत पाहुणे तयारच होते.

अश्विनीच्या आईने पाणी दिलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या कोन?"

"ह्या आता पोरींच्या मॅडम."

"अन तुमी?"

"मी आता सकाळी उशिरापर्यंत झोपणार."

कुणी हसलं नाही.

अश्विनी दारात उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला न्हाई खेळायचं. तुमी न्हाई तर मी न्हाई."

"म्हणजे माझ्यासाठी खेळत होतीस?"

"व्हय. मग कुनासाठी?"

मॅडमनी पदराने मान पुसली.

मग म्हणाल्या, "अश्विनी, मला काढलं याचा मला लई राग आलाय. पण तो माझा राग आहे. तू कशाला उचलतेस? तुझं लग्न लावून टाकतील आणि कॉलेजला त्याचा पत्ताही लागणार नाही."

"लगीच कुठं करतोय मॅडम आमी," आई म्हणाली.

"पाहुणे कधी येणार आहेत?"

बाजेवरून वडील म्हणाले, "ऐतवारी."

"मग ऐतवारी तिला नगरला पाठवा. नव्या मॅडमची प्रॅक्टिस आहे."

अशी कुठलीही प्रॅक्टिस मी ठरवली नव्हती. तरी मी मान डोलावली.

"अन पाव्हन्यांला काय सांगू?"

"सांगा, पोरगी कॅप्टन आहे. मॅच आहे."

"मे महिन्यात मॅच?"

"पाहुण्यांना काय कळतंय!"

तेव्हा वडील हसले. अश्विनी नाही हसली.

परतताना एसटीत मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आला ना. आधी कॉलेजचा, मग तुझा."

मग खिडकीची काच सरकवत म्हणाल्या, "अजून आहे थोडा. जाईल."

एवढं खरं उत्तर मला त्या कॉलेजात दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

ऐतवारी अश्विनी आली. एकटीच. तासभर ती बास्केटवर बॉल मारत राहिली आणि मी बॉल परत देत राहिले. दुसऱ्या आठवड्यात बाकीच्या आल्या.

गेल्या मे महिन्यातही मॅडम माझ्याबरोबर गावोगाव फिरल्या. त्यांचा काही संबंध उरला नव्हता. मी त्यांच्या जागी असते तर फिरले असते का? खूपदा विचारलंय स्वतःला. बहुतेक नाही.

यंदा त्यांना दम लागत होता, म्हणून आम्ही थांबलो होतो.

अश्विनी यंदा बी.ए. झाली. पोलीस भरतीची तयारी करतेय. आज अमरधामला ती आईला घेऊन एसटीने आली. मॅडमच्या भाच्याने अग्नी दिला. आमच्या मुली एका बाजूला रांगेत उभ्या होत्या. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

निघताना अश्विनीची आई माझ्याजवळ आली.

"धाकटी बारावी झाली. ती बी खेळती. तिच्यापायी आता कोन येनार?"

"मी येईन."

"एकट्याच?"

"एकटीच."

तिने माझा हात धरला. "मंग जेवून जायाचं. त्या कवा थांबल्या न्हाईत. म्हनायच्या, अजून लई घरं व्हायचीत, पुढल्या साली जेवते."

मी हो म्हणाले.

मॅडम, पुढच्या आठवड्यात तिसगावला जाते आहे. काय बोलायचं, अजून ठरत नाही.

पण जेवून येईन.

हा शेवटचा नमस्कार.