खंडेनवमीचा जनरेटर

यंत्रात देव असतो की नाही, मला ठाऊक नाही. पण असलाच तर त्यालाही श्वास घ्यायला जागा लागते, हे मी नागपूरच्या एका दवाखान्यात शिकलो. सत्तरच्या दशकात तिथली वीज आणि यंत्रं सांभाळायला मी होतो. सगळं सुरळीत चाललं की आमची आठवण कुणाला नसायची, आणि दिवा जरा मिणमिणला की आमच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

आमचा फोरमन नरखेडकडचा. देवभोळा इतका, की डिझेल भरतानाही आधी हात जोडायचा. खंडेनवमीला तो आमचे पाने-पकडी काढून घेऊन पाटावर मांडी, हळदकुंकू वाही, आणि दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही, असा हुकूम सोडी. एका वर्षी मी त्याला म्हणालो, की मग आज आजारी पडू नका म्हणून पेशंटांनाही सांगून या. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. दिवस फार सुखात गेला.

पण एकदा ऐन खंडेनवमीला त्याच्याच बायकोच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स निघालं. आजच ऑपरेशन करावं लागेल, डॉक्टर म्हणाले. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करणार होते, बाई शुद्धीत राहणार होती. तिला आत नेल्यावर फोरमनला काही सुचेना, म्हणून तो जनरेटर सजवत सुटला. झेंडूचे हार झाले, नारळ झाला, लिंबू झालं. तरी मन भरेना, तेव्हा बाजारातून नवंकोरं लाल कापड आणून त्याने इंजिन असं गुंडाळलं, की नवरी बरी. मला हसू येत होतं, पण त्याची बाई आत होती, म्हणून कापडाचं एक टोक मीच धरून दिलं.

भरदुपारी लाइट गेली.

मी बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, खोकलं, काळा धूर ओकून बंद पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बॅटरी दमत चालली होती. वॉर्डबॉय धावत आला. आत पोट उघडं आहे, नर्सने टॉर्च धरलाय आणि डॉक्टर शिव्या देताहेत, असं सांगून तो तसाच पळाला.

"काहून बंद पडून राहिलं गा हे?" फोरमन हात जोडूनच विचारत होता.

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. इंजिन ज्या तोंडाने हवा ओढतं, त्याच तोंडावर लाल कापड घट्ट चिकटून बसलं होतं. आम्ही देवाचं नाक दाबून धरलं होतं.

कापड काढा, मी म्हणालो.

"पूजा हालवल्याबिगर कसं काढू गा? ती आत हाये."

"म्हणूनच काढा."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी ते कापड टराटरा फाडलं. हार तुटले, नारळ घरंगळत कोपऱ्यात गेला. या खेपेला इंजिनाने दम धरला. मी स्विच ओढून थिएटरकडे वीज सोडली. फोरमन तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडला. मलाही भरून आलं, पण माझ्याकडे तेल पुसायचं फडकं होतं, त्याच्या आड निभावलं.

संध्याकाळी त्याच्यासोबत मी वॉर्डात गेलो. बाई फिकट पडली होती, पण हसत होती. आधी तीच बोलली.

"लाइट गेली तं डॉक्टर बी घाबरले जी. मी नाही घाबरली. म्हटलं, मशीनपाशी तुमी असान. तुमी काई तिले बंद पडू देत नाही."

फोरमनचा चेहरा पांढरा पडला. माणूस प्रामाणिक. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, तोच मी त्याच्या पायावर माझा बूट रोवला.

तोंड मिटलं. तिचा हात हातात घेऊन तो नुसती मान हलवत राहिला, आणि ती समाधानाने झोपी गेली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते बुटामुळे असावं, असं मी धरून चाललो.