ताराकाकूंची जाई आणि माझा पंप

चहा ओता आधी. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का, पुढे पुढे माझंच तोंड कडू होतं. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण ह्याला तोड नाही!

ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला, तेव्हाची गोष्ट. आजोबा फौजेत, वडील फौजेत, आणि मी? हत्तीखान्यात कारकून! विलीनीकरणात हत्तींचं काय झालं देव जाणे, मी मात्र शेती खात्यात जाऊन पडलो. का म्हणाल तर हत्ती गवत खातो, गवत जमिनीत उगवतं, आणि जमीन म्हणजे शेती. सरकारी डोकं हो! गहू आणि जव शेजारी ठेवले तर मला ओळखता यायचे नाहीत. पण ऐट बघा. थोड्याच दिवसांत ग्वाल्हेरच्या इंदरगंज पेठेत मी शेतीतज्ज्ञ म्हणून मिरवायला लागलो. कुणाच्या लिंबाला फळ धरत नसलं तरी मी तोंड उघडणारच.

तिथल्याच एका गल्लीत मी ताराकाकूंकडे भाड्यानं राहायचो. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. अंगणात काकांनी स्वतः लावलेली कितीतरी झाडं होती: तुळस, डाळिंब, कण्हेर, शमी, मरवा, कडेकडेनं आघाडा आणि माका. आणि दारावर चढवलेली जाई. तिला पाणी घातल्याशिवाय काकू चहाला हात लावायच्या नाहीत.

त्यांची एकुलती एक मुलगी वत्सला इंदूरला दिलेली. श्रावणात तिची पहिली मंगळागौर माहेरी व्हायची होती, सासरची मंडळी येणार होती. पूजेला सोळा तऱ्हेची पत्री लागते, ती सगळी घरच्या अंगणातलीच हवी, हा काकूंचा हट्ट. आणि सासरी परत जाताना वत्सला जाईचं कलम घेऊन जाणार होती. ‘बाबांची जाई माझ्या दारात हवी,’ असं तिनं पत्रातूनही कळवलं होतं.

एक दिवस काकू म्हणाल्या, “दिनू, वाटेवर हरळी बघ किती माजलीय. पाहुणे यायचे, त्यात साप-किरडू निघालं म्हणजे? खुरपायला कुणी मिळतं का बघ ना.”

इथं मी गप्प बसावं की नाही? छे!

“माणूस कशाला काकू? मी आहे ना! आमच्याकडे विलायती औषध आलंय, टू-फोर-डी. गव्हाच्या शेतातलं तण सफाचट!”

“पण माझ्या झाडांना काही नाही ना होणार?”

“अहो, गव्हाला काही होत नाही, तर तुमच्या जाईला काय होतंय!”

हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं हो.

साहेबांना मस्का लावून पंप आणि औषध आणलं. पाठीवर पंप, डोक्याला फडकं, आणि गल्लीतली पोरं बघायला जमलेली. मग काय विचारता! वाटेवरची हरळी चिंब केली. वारा सुटला होता, थोडं इकडेतिकडे उडालं. म्हटलं, उडू दे की.

दोन-तीन दिवसांत बघतो तर हरळी जशीच्या तशी, उलट जास्तच टवटवीत! आणि जाईची कोवळी पानं मुरडलेली. शेंडे चकलीसारखे वळलेले.

“दिनू, हे काय झालं रे?” काकूंनी एक शेंडा माझ्यापुढे धरला.

मी पान उलटं केलं, सुलटं केलं, डोळे बारीक केले. “मावा पडलाय काकू. पानं अशीच आकसतात. काळजी करू नका, तंबाखूचं पाणी मारतो.”

आणि मारलं. कुठल्या पंपानं? अहो, त्याच! धुतला होता ना, एकदा खळखळून. जाईला मारलं, मग तुळशीला, डाळिंबाला, कण्हेरीला, ‘मावा पसरायला नको’ म्हणून एकेका झाडाला पानांच्या वरून आणि खालून न्हाऊ घातलं. झाडं आणखी मुरडली. मी म्हटलं, मावा फारच चिवट दिसतो! पुन्हा पंप भरला.

शेवटी सगळं अंगण मान टाकून बसलं, तेव्हा मी घाबरून साहेबांकडे पळालो. साहेब मुरैन्याकडचे. शांतपणे पान चघळत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“दिनकरराव, ये दवा चौड़ी पत्ती वालों की है. घास का कुछ नहीं बिगड़ता.”

“लेकिन साहब, गेहूँ में तो डालते हैं!”

“अरे भले आदमी, गेहूँ क्या है? घास ही तो है!”

झालं! गहू हे गवत असतं, हे जन्मभर गवतावर पोट भरलेल्या माणसाला तेव्हा कळलं.

“धो डालूँ साहब? रगड़ के?”

“अब क्या धोओगे? पत्ती पी चुकी. पौधा अपना खाना जहाँ-जहाँ भेजता है, दवा भी साथ जाती है, जड़ तक. और पंप का असर एक बार के पानी से नहीं जाता.”

म्हणजे औषध पाजलं मी, आणि बिचाऱ्या जाईनं ते आपल्याच हातानं मुळापर्यंत पोचवलं.

काकूंपाशी चूक कबूल केली, आणि मग पत्रीसाठी धावाधाव. बाड्यावरच्या बाजारात फुलवालीला म्हटलं, “माका है? आघाडा?”

“भैया, गेंदा है, गुलाब है. ये कौन सी सब्जी बता रहे हो?”

ह्याच्या त्याच्या अंगणातून मागून आणली, तरी सोळांतली निम्मीच जमली. पूजेच्या वेळी वत्सलेच्या सासूबाई परडीत डोकावल्या. “इतकीच? आमच्या इंदुरात सगळी मिळते हो!”

मी दाराआड उभा. आता माझं नाव निघणार! पण काकू खाली मान घालून एवढंच म्हणाल्या, “यंदा कीड पडली झाडांना.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ती कीड दाराआड उभी होती!

वत्सला गेली ती कलमाशिवायच. टांग्यात बसताना दारावरच्या वाळक्या वेलाकडे बघत राहिली. पाहुण्यांसमोर रडू नये म्हणून बांगड्या चाचपत होती.

काकू मात्र रोज सकाळी त्या खुंटाला पाणी घालत राहिल्या. “मूळ जिवंत असेल तर फुटेल की रे.” मला ठाऊक होतं, मूळ आधीच गेलंय. सांगायचं धाडस होईना. एकदा कसाबसा बोललो, “काकू, आता नाही फुटायची ती.” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उरलेलं पाणीही तिथंच ओतलं.

नवी झाडं त्यांनी हळूहळू लावली. मला त्यांच्या जवळही फिरकू दिलं नाही, पण जेवायला मात्र बोलवत राहिल्या.

पुढे मध्यभारतही मोडला, मध्यप्रदेश झाला, आणि आमचं खातं निघालं भोपाळला. गल्लीतली आणखीही दोन-तीन घरं निघाली होती. काकूंनी प्रत्येकाला गोणपाटात बांधून एकेक रोप दिलं, कुणाला तुळस, कुणाला मरवा. मी पाया पडायला गेलो तर माझ्याही हातात गोणपाटात बांधलेली कुंडी ठेवली. डोळेच भरून आले माझे. म्हटलं, माफ केलं काकूंनी!

गोणपाट सोडून बघतो तर आत नुसती माती.

“काकू, ह्यात रोप नाही.”

“नाहीच घातलं,” काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. “तुझ्यावर राग नाही रे बाळा. पण झाडाचाही जीवच ना!”